मुस्तफाची पेटी



मागच्या वेळी लोणच्याच्या मर्यादेवर लिहीन असं कबूल केलं होतं. ते राहिलं, कारण दोन महिन्यांपासून आमच्या घरात एका लाकडी पेटीवरून वाद चालला होता आणि माझं डोकं त्यातच गुंतलं होतं. पेटी म्हणजे दागिन्यांची नव्हे. पुरुषभर उंच, दोन हात रुंद, समोर काच आणि काचेखाली दोन दांड्या अन् बटणं. तुमच्यापैकी ज्यांची मुलं १९९० नंतर शाळेत जात होती त्यांनी ओळखलं असेल. व्हिडिओ गेमची पेटी.

व्हिडिओ गेम आणि आमचं घर? विचाराल तर खरं आहे. ह्यांनी १९९६ च्या दिवाळीत सोनपेठला आमच्या रस्त्याकडच्या खोलीत दोन पेट्या बसवल्या होत्या. आडत दुकानाचं ते वर्ष वाईट गेलं होतं, खोली रिकामी पडून होती, आणि परळीला त्यांनी असलं दुकान पाहिलं होतं, पोरांची रांग लागलेली. दोन पेट्या मिळून २६,००० रुपयांना घेतल्या. एका रुपयाला एक डाव. नाण्याची फट होती पण तिच्यातलं यंत्र चालायचं नाही, म्हणून रुपया हातात घ्यायचा आणि आतलं बटण दाबून डाव द्यायचा अशी पद्धत होती. परळीचं थर्मल शेजारी असून वीज जायची ती आधी आमचीच. वीज गेली की अर्धा राहिलेला डाव कुणाचा यावरून भांडणं, आणि ती सोडवायला मी.

वही मी लिहायची. परभणीला राहून १९८१ साली बी.कॉम. झाले, मराठवाडा विद्यापीठाची पदवी, तिचा उपयोग एवढाच झाला म्हणा. साध्या दिवशी साठ-सत्तर रुपये, बाजारच्या दिवशी दीडशेच्या पुढं. वीजबिल, करमणूक कर, दांड्यांची दुरुस्ती जाऊन बरं उरायचं. दरसाल २० टक्के घसारा धरायची. एका पेटीचे १३,००० धरले तर आठ वर्षांनी वहीत २,१८१ रुपये राहिले. २००४ मध्ये दुकान बंद केलं तेव्हा एक पेटी २,००० ला गेली. तोवर घराघरात टीव्हीला जोडायचे गेम आले होते, एका कॅसेटमध्ये शेकडो, मग मोबाईल आले. दुसरी पेटी कुणी घेतली नाही. ती मागच्या गोदामात गेली, वर ताडपत्री पडली आणि वीस वर्षं तिच्यावर पापडाचे डबे ठेवायला सोय झाली.

हे जाऊन आता चार वर्षं होतील. यंदा गोदामाचं छत दुरुस्त करायला काढलं तेव्हा ताडपत्री निघाली, आणि दोन्ही मुलं योगायोगानं घरी.

थोरला पुण्याला असतो. तो म्हणाला, ही जशी होती तशी दुरुस्त करायची. तीच ट्यूब, तोच बोर्ड, त्याच दांड्या. धाकटा म्हणाला, कशाला? जुनी ट्यूब फेकून सपाट पडदा बसव, आत एक लहानसं यंत्र टाक, त्यात हजार गेम येतात, पोरं सुटीत खेळतील. सूनबाईंचं म्हणणं तिसरंच. आतलं सगळं काढून कप्पे ठोकायचे, पाठशाळेची पुस्तकं ठेवायला सुरेख कपाट होईल. आणि पुण्यातल्या एका हॉटेलवाल्याला शोभेसाठी अशी पेटी हवी होती, तो आहे त्या अवस्थेत २०,००० द्यायला तयार होता. म्हणजे ज्या वस्तूची वहीतली किंमत केव्हाच संपली तिला मूळ किमतीपेक्षा सात हजार जास्त. बी.कॉम. झालेल्या बाईचं मन क्षणभर तिकडं गेलं, खोटं कशाला बोलू.

मी कुणालाच हो म्हणाले नाही. कारण मला आधी एक गोष्ट आठवली, ती बाईंची. सासूबाईंना आमच्याकडं सगळे बाईच म्हणत.

पेट्या आल्या त्या दिवशी बाई बाहेर येऊन उभ्या राहिल्या. पडद्यावर एक टोपीवाला माणूस लाथा मारत होता आणि समोरचे आडवे पडत होते. सोनपेठच्या पोरांनी त्या गेमला नाव दिलं होतं ‘मुस्तफा’. भारतभर तेच नाव होतं हे मला आत्ता कळलं. खरं नाव ‘कॅडिलॅक्स अँड डायनासॉर्स’, जपानच्या कॅपकॉम कंपनीनं १९९३ मध्ये काढलेला. त्यात चार नायक असतात, त्यातला एक मुस्तफा कैरो, आणि पोरं त्याच्यावरच तुटून पडायची.

बाईंनी दोन मिनिटं पाहिलं आणि ह्यांना विचारलं, “पिठाचा कोंबडा माहीत आहे ना तुला?”

यशोधर राजाची कथा आपल्याकडं सगळ्यांनी ऐकलेली असते, तरी थोडक्यात सांगते, कारण नव्या सुनांना पाठशाळेत ती हल्ली कुणी सांगत नाही. उज्जयिनीच्या यशोधर राजाला वाईट स्वप्न पडतं. आई चंद्रमती म्हणते, देवीला बळी दे. राजा जीव मारायला तयार होत नाही. शेवटी आईच्या आग्रहाखातर मधला मार्ग निघतो. पिठाचा कोंबडा करून त्याच्यावर शस्त्र चालवायचं. कुणाचाही प्राण गेला नाही. पण मारण्याचा भाव झाला, आणि त्या एका भावापायी आई आणि मुलगा मोर, कुत्रा अशा किती योनींतून फिरले, मारले गेले, पुन्हा जन्मले. दहाव्या शतकात सोमदेवांनी ‘यशस्तिलक’मध्ये ही कथा संस्कृतात सांगितली, पुष्पदंतांनी अपभ्रंशात. द्रव्यहिंसा आणि भावहिंसा यांतला फरक शिकवायला याहून चांगली गोष्ट मला माहीत नाही.

“हा काचेतला कोंबडाच की,” बाई म्हणाल्या. “आणि तू तर शस्त्र भाड्यानं देतोस. रुपयाला एक.”

श्रावकाचारात अनर्थदंडाचे पाच प्रकार आहेत, त्यातला एक हिंसादान. दुसऱ्याला मारायचं साधन देणं. बाई शाळेत गेल्या नव्हत्या पण ‘रत्नकरंड’ त्यांना शेजारणीकडून ऐकून ऐकून पाठ होता. हे गप्प बसले. पेट्या मात्र राहिल्या, कारण त्या वर्षी घरात दुसरं काही येत नव्हतं. पर्युषणात दहा दिवस दुकान बंद ठेवायचं एवढी तडजोड झाली. बाई पुन्हा त्या खोलीत आल्या नाहीत.

आता गंमत ऐका. थोरल्यानं मला या उन्हाळ्यात त्या गेमची गोष्ट सांगितली. ती एका अमेरिकन चित्रकथेवरून घेतलेली आहे. डायनासॉरांची चोरटी शिकार करणारी एक टोळी असते आणि हे चौघे त्या जनावरांना वाचवायला निघालेले असतात. म्हणजे जीवदयेचीच कथा म्हणायची! आमच्या पोरांना इंग्रजी वाचता येत नव्हतं, ह्यांनाही पडद्यावरच्या पाट्या वाचायला वेळ नव्हता. आठ वर्षं आमच्या खोलीत जनावरं वाचवली जात होती आणि कुणालाच पत्ता नव्हता. बाई असत्या तर म्हणाल्या असत्या, वाचवायला निघालेला माणूस वाटेत शंभर जणांना लोळवत कशाला जातो? आणि मला त्याचं उत्तर देता आलं नसतं.

असो. पेटी उघडायची ठरली. माणूस शोधायला लांब जावं लागलं नाही. गावातच टीव्ही दुरुस्त करणारा एक जण आहे. त्याचं नाव लिहीत नाही, का ते पुढं कळेल. जुन्या डब्याचे टीव्ही दुरुस्त करणारे आता फार थोडे उरलेत. हल्ली सपाट पडद्यात बोर्ड काढायचा आणि दुसरा लावायचा, दुरुस्ती अशी नसतेच, असं तो म्हणतो.

त्यानं मागचं दार उघडलं आणि लगेच लावून घेतलं. “काकू, आत उंदरीण व्यायली आहे.”

वायरींच्या गुंत्यात कागदाचं घरटं, आणि त्यात पाच की सहा लालबुंद पिल्लं. धाकटा म्हणाला, बाहेर काढून टाकू. मी म्हणाले, डोळे उघडू देत, पळायला लागू देत, मग बघू. थोरल्याची सुटी संपली, तो गेला. हॉटेलवाल्याचा दोनदा फोन आला, त्याला सांगितलं, थांबा, आत बाळंतीण आहे. त्याला काय कळलं कोण जाणे, तिसरा फोन आला नाही. तीन आठवडे थांबलो. मग एका दिवशी घरटं रिकामं दिसलं. कोळ्यांची जाळी मी मऊ झाडूनं अलगद उतरवली, मुंग्यांची वाट होती तिथं हळद टाकून दोन दिवस दिले. दुरुस्ती करणारा पोरगा हसत होता, पण थांबला.

त्या तीन आठवड्यांत मी बराच विचार केला आणि थोडं शिकूनही घेतलं. मुलं फोनवर समजावून सांगायची.

पेटी जशीच्या तशी राखायची की बदलायची हा वाद जगभर चालतो म्हणे, आणि लोक त्यावरून एकमेकांशी बोलेनासे होतात. राखणाऱ्यांचं म्हणणं, जुन्या काचेच्या ट्यूबवर जे चित्र उमटतं ते सपाट पडद्यावर येत नाही. त्या काळचे गेम त्या ट्यूबसाठीच काढलेले असतात. चित्राच्या ओळी, कडांचा मऊपणा, रंग एकमेकांत उतरणं हे सगळं धरून. नव्या पडद्यावर ते चौकोन चौकोन दिसतं, आणि पडदा आडवा असल्यामुळे दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या राहतात. ट्यूबा आता कुणी नव्या करत नाही. एकेकाळी आपल्या औरंगाबादजवळ चितेगावला व्हिडिओकॉनच्या कारखान्यातून टीव्हीचे ट्रक भरून निघायचे, आता आहे ती ट्यूब फुटली की संपलं. आणि फेकायची तर कुठं? तिच्या काचेत शिसं असतं. ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम आहेत, भंगारवाल्याकडं न देता नोंदणी असलेल्या केंद्राकडं द्यावी लागते. आपल्याकडं काय होतं ते आपण पाहतोच. दगडानं ट्यूब फोडतात, तांबं काढतात आणि काच नाल्यात.

बदलणाऱ्यांचं म्हणणंही अगदी पोकळ नाही. धाकट्यानं मला एक गोष्ट सांगितली ती मला फार आवडली. जपानच्या निनटेंडो कंपनीनं १९८० च्या सुमारास एक गेम काढला होता, ‘रडार स्कोप’. अमेरिकेत तो चालला नाही. तीन हजारातल्या दोनेक हजार पेट्या गोदामात पडून राहिल्या. तेव्हा एका तरुण चित्रकाराला सांगितलं, याच पेट्यांत घालायला दुसरं काहीतरी कर. त्यानं केला तो ‘डाँकी काँग’, १९८१ चा, आणि कंपनी त्यावर उभी राहिली. तो चित्रकार शिगेरू मियामोटो. म्हणजे जुनी पेटी बदलून नवा गेम घालणं हा काही अलीकडचा भ्रष्टाचार नाही, तो या धंद्याचा मूळपासूनचा रिवाज आहे. पडून राहिलेला माल दुसऱ्या रूपानं विकणं आडत दुकानात वाढलेल्या मुलाला लगेच पटतं.

मला मात्र कचनेर आठवत होतं. देवाची गोष्ट खोक्याला लावते म्हणून रागावू नका. कचनेरच्या चिंतामणी पार्श्वनाथांची मूर्ती भंगली होती, मान वेगळी झाली होती. भंगलेली मूर्ती पूजेत ठेवत नाहीत, म्हणून ती पाण्यात सोडून नवी आणायची ठरलं. तेव्हा दृष्टान्त झाला, आणि मूर्ती तुपात आणि साखरेत सात दिवस ठेवली तेव्हा ती पुन्हा जुळली अशी आख्यायिका आहे. लग्नानंतर पहिल्यांदा ह्यांच्याबरोबर गेले ते कचनेरलाच. नवी आणणं सोपं होतं, हे तेव्हा मनात आलं नव्हतं. आता आलं.

धाकट्याच्या हजार गेमच्या यंत्राबद्दल मी एकच प्रश्न विचारला. हे हजार गेम विकत घेतलेले असतात का? तो जरा अडखळला. मग म्हणाला, “आई, कुणी विकत नाही घेत, सगळे तसेच वापरतात.” म्हणजे कंपन्यांच्या परवानगीवाचून नकला करून एका डब्यात भरलेले. अचौर्यव्रताचे अतिचार पाच, त्यात चोरीचा माल घेणं आहे, तदाहृतादान, आणि खऱ्याच्या जागी नकली खपवणंही आहे, प्रतिरूपक व्यवहार. मी म्हणाले, मग ते आपल्या घरात येणार नाही. विषय मिटला असं मला वाटलं. किती सहज वाटलं!

पिल्लं गेल्यावर त्या पोरानं काम सुरू केलं. आधी एका स्क्रू-ड्रायव्हरला वायर बांधून तिचं दुसरं टोक लोखंडी चौकटीला लावलं आणि ट्यूबच्या रबरी टोपीखाली टोक सरकवलं. या ट्यूबला वीस-पंचवीस हजार व्होल्ट लागतात आणि बंद केल्यावरही ती वीज धरून ठेवते. “वीस वर्षांनी काय उरणार काकू, पण हाताला सवय लागलेली बरी.” मग उंदरांनी कुरतडलेल्या वायरी बदलल्या. फुगलेले, गळलेले कपॅसिटर काढून नवे डाखले. पेटी सरळ प्लगला लावली नाही. मध्ये शंभरचा बल्ब जोडला, सिरीजमध्ये. आत कुठं शॉर्ट असलं तर बल्ब भक्क पेटतो आणि बाकीचं वाचतं. बल्ब क्षणभर उजळला आणि मंद झाला. मी णमोकार म्हणत होते, हे कबूल करते.

मग त्यानं गेमचा बोर्ड बाहेर काढला. या बोर्डाची एक कड पेटीतल्या जोडणीत बसते, ५६ पिनांची. जपानी कारखानदारांच्या संघटनेनं १९८५ साली ही जोडणी सगळ्यांसाठी एकच ठरवून दिली, त्यामुळे एक बोर्ड उपटायचा, दुसरा बसवायचा, पेटीला हात लावावा लागत नाही. थोरला व्हिडिओ कॉलवर होता. त्याला एक काळजी होती. कॅपकॉमच्या त्या काळच्या मूळ बोर्डात एक बॅटरी असते, ती संपली की आतली किल्ली पुसली जाते आणि गेम धड चालत नाही. वीस वर्षांत ती संपलीच असणार.

पोरानं बोर्ड उलटासुलटा करून पाहिला. “दादा, बॅटरी नाहीच यात. कॅपकॉमचं नावही नाही. कॉपी आहे ही.”

पलीकडं थोरला गप्प. इकडं मी गप्प. आठ वर्षं पोरांचे रुपये घेतले ते नकली मालावर. ह्यांना माहीत होतं का? नसावं. २६,००० मोजून विकत घेतलं होतं, पावती आहे माझ्याकडं. पण मी दोन दिवसांपूर्वी धाकट्याला व्रताचे अतिचार मोजून दाखवले होते, आणि प्रतिरूपक माझ्याच गोदामात, माझ्या पापडाच्या डब्यांखाली होतं.

आणि नकली होता म्हणूनच तो वाचला. बॅटरी नाही म्हणून काही पुसलं गेलं नाही. पडदा आधी राखाडी झाला, मग खालून वर रंग चढले आणि मुस्तफा आला. आवाज फाटका, ढोलकी डब्यावर वाजवल्यासारखा. थोरल्यानं पुण्याला संगणकावर मूळ गेम ऐकलेला आहे. तो म्हणाला, मूळचं संगीत फार चांगलं आहे, पण आपला मुस्तफा असा वाजत नव्हता. आपला हा, डब्यासारखा.

मग मूळ काय राहिलं, सांगा. पेटी परळीच्या सुतारानं प्लायवूडची केलेली. ट्यूब जुन्या टीव्हीतली. दांड्या मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेल्या, त्याही दोनदा बदललेल्या. बोर्ड नक्कल. मूळ यंत्रावर तिघं खेळू शकत, आमच्यावर दोघंच. जशी होती तशी म्हणजे कशी, हे थोरल्याला सांगता येईना.

पण एक गोष्ट होती, आणि ती मी विसरले होते म्हणा किंवा विसरायचा प्रयत्न केला होता म्हणा.

१९९८ चा पावसाळा. अकरा वर्षांचा एक मुलगा रोज दहा रुपये घेऊन यायचा. पाच दिवस आला. माझ्या वहीत ते दिसत होतं, साध्या दिवसाची बेरीज सत्तरवरून ऐंशीच्या पुढं गेली होती, आणि मला बरं वाटलं होतं. अकरा वर्षांच्या पोराकडं रोज दहा रुपये कुठून येतात हे मी विचारलं नाही. बेरीज बरोबर होती ना, झालं. सहाव्या दिवशी त्याचे वडील आले. गल्ल्यातले पन्नास रुपये गेले होते. त्यांनी त्याला आमच्या दारात, सगळ्या पोरांदेखत पट्ट्यानं मारलं. हे मध्ये पडले तेव्हा एक वळ ह्यांच्या मनगटावर उठला. संध्याकाळी हे त्यांच्या घरी जाऊन पन्नास रुपये देऊन आले. मला एका शब्दानं बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी पेटीच्या पुढच्या छोट्या दाराच्या आतल्या बाजूला, जिथून डाव द्यायचं बटण दाबत, तिथं निळ्या पेननं लिहिलं: ‘कोणालाही रोज तीनच.’ खाली रोज येणाऱ्या पोरांची नावं, आणि नावापुढं खडूच्या रेघा, रात्री पुसायच्या.

उत्पन्न निम्म्यावर आलं. मी कुरकुरले होते. तेही वहीत आहे, ‘आवक कमी’ असा शेरा, माझ्या अक्षरात.

दुरुस्ती करणारा पोरगा म्हणजे तोच. मी त्याला ओळखून होते, तोही मला. या गोष्टीवर आम्ही कधी बोललो नव्हतो. त्यानं ते दार उघडलं, टॉर्च धरला आणि बराच वेळ वाचत बसला. नावं अजून आहेत. शेवटच्या दिवसाच्या रेघा पुसायच्या राहिल्या असणार, त्याही पुसट दिसतात.

“काकू,” तो म्हणाला, “माझ्या नावापुढं चार रेघा आहेत. काकांनी एक जास्त दिली होती.”

मी म्हणाले, “हिशेबात चूक असेल.” त्यावर तो काही बोलला नाही, आणि मी चहा टाकायला आत गेले. चहा जरा जास्तच उकळला.

रात्री दोन्ही मुलांना एकत्र फोन लावला. सपाट पडदा बसवायचा तर पुढची बाजू कापावी लागणार होती आणि ते दार जाणार होतं. कपाट करायचं तरी जाणार. मी म्हणाले, कापायचं काही नाही. लाकूड आहे तसं, वाळवी लागू नये म्हणून फक्त तेल. ट्यूब जगेल तोवर तीच. बोर्ड मात्र काढून फडक्यात गुंडाळून ठेवायचा, जाळायचाही नाही आणि भाड्यानं लावायचाही नाही. नकली आहे हे कळल्यावर तो वापरणं वेगळं आणि न कळता वापरलं ते वेगळं. थोरला म्हणाला, “आई, मग रिकामी पेटी राखायची?” धाकटा म्हणाला, ५६ पिनांची जोडणी आहे ना, एखादा जुना, खरा बोर्ड विकत घेऊन लावू, ज्यात मारामारी नाही असा. विटा रचायचा ‘टेट्रिस’ आहे, रशियातल्या एका माणसानं १९८४ मध्ये केलेला, त्याचे मोठ्या पेटीतले बोर्डही निघाले होते. पॅकमॅन सुचवला होता, पण तो अखंड खातच असतो, दिवस बघत नाही की रात्र. बाईंनी त्यालाही काहीतरी सुनावलं असतं. खरा बोर्ड महाग पडतो म्हणे, आणि खरा की नकली हे ओळखायला हाच पोरगा लागणार. अजून मिळालेला नाही. मिळेपर्यंत पेटीत काळा पडदा.

सूनबाई नाराज आहेत, पुस्तकं अजून पत्र्याच्या पेटीतच. त्यांना वेगळं कपाट करून द्यायचं कबूल केलं आहे, सुताराशी ३,५०० ला ठरलं.

बिलावरून मात्र वाजलं. पोरानं सामानाचे १,८४० रुपये लिहिले आणि मजुरी कोरी ठेवली. मी म्हणाले, असलं बिल माझ्या वहीत बसत नाही. तो म्हणाला, राहू द्या काकू. मी म्हणाले, नाही. शेवटी मजुरी तीन दिवसांची लावली, त्यानं चौथा दिवस खोडला.

पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात हिरवट डाग राहिला आहे. चुंबकाचा परिणाम, कॉइल फिरवली की जातो म्हणाला. कॉइल गंगाखेडला कुणाकडं तरी आहे. रविवारी घेऊन येतो म्हणालाय.